डाव्या डोळ्याचा एक, उजव्या डोळ्याचा एक

चष्मेवाल्याने त्या दुपारी दुकान अर्ध्यातच बंद केलं, फोटोच्या कागदाचं पाकीट घेतलं आणि घर गाठलं. बायको मरणाच्या दारातून परत आली होती. दवाखान्यातून घरी येऊन आठवडा झाला, तरी त्याचा अजून विश्वास बसत नव्हता. ती निजली की तो दारातूनच तिचा श्वास चालू आहे ना ते बघायचा आणि परत फिरायचा. हात लावायला काही धजायचा नाही. न जाणो...

गड्याला छंद एकच, जोडफोटोंचा. त्याला काही खास कॅमेरा लागत नाही. डाव्या पायावर भार टाकून एक फोटो काढायचा, मग उजव्या पायावर झुकून दुसरा. एक डाव्या डोळ्याचा, एक उजव्या डोळ्याचा. दोन्ही शेजारी ठेवून खोक्यातल्या दोन भिंगांतून पाहिलं की सपाट कागदात अख्खी खोली उभी राहते, पुढचं पुढे आणि मागचं मागे. अट एवढीच, की दोन फोटोंच्या मध्ये समोरच्याने हलायचं नाही.

बायको भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत बसली. पुढ्यात छोटं टेबल होतं.

"फोटो काढताय की नाचताय?"

"हसू नकोस. हललीस की बिघडतो."

प्रिंटर करकरला. त्याने कागद खोक्यात सरकवून डोळे लावले. टेबल पुढे आलं, भिंत मागे गेली. बायको मात्र भिंतीच्याही मागे बसली होती. भिंतीला तिच्याच आकाराचं भोक पाडावं आणि त्यातून ती पलीकडे दिसावी, तशी.

त्याच्या मनात पाल चुकचुकली. डावं-उजवं उलटं लागलं म्हणावं, तर टेबलही मागे जायला हवं होतं. ते आपलं जागच्या जागी होतं.

"तू हललीस."

"नाही हो. श्वाससुद्धा रोखला होता."

दुसरी जोडी काढताना तिने डोकं भिंतीला घट्ट टेकवलं. बाहेर आभाळ भरलेलं, वारा पडलेला, आणि खोलीत औषधांचा वास कोंडलेला. प्रिंटरची करकर संपता संपेना.

ती आणखी मागे गेली होती.

"काय झालं?"

"काही नाही... पुन्हा काढू."

"मी ही अशी समोर बसलेय आणि तुम्ही मला खोक्यात शोधताय. काखेत कळसा नि गावाला वळसा!" ती हसली. हसणं अगदी पूर्वीचंच होतं, आणि ते ऐकून त्याला रडू यायला लागलं. "बसा इथे. आता तुमचा काढते."

टेबलावरचा कॅमेरा तिनेच उचलला. तो खुर्चीत बसला. पाठीला भिंत लागली, सदऱ्यातूनही गार. ती पलीकडे जाऊन डाव्या पायावर झुकली, मग उजव्या. त्याने पापणीही लवू दिली नाही.

कागद आल्यावर आधी तिने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खोकं टेबलावर ठेवून ती पलीकडच्या स्टुलावर बसली.

त्याने डोळे लावले. टेबल पुढे, भिंत मागे. आणि भिंतीला त्याच्या आकाराचं भोक, त्यातून पार पलीकडे तो स्वतः.

"मी हललो नव्हतो," तो पुटपुटला.

"ठाऊक आहे." तिचा आवाज बारीक झाला. "घरी आल्यापासून तुम्ही मला असेच दिसताय... लांब. रोज थोडे आणखी. बोलले नाही. म्हटलं, घाबराल."

तो घाबरलाच होता. पण त्याहून जास्त त्याला तिची आठवण येत होती, ती समोर असताना.

"हात दे."

तिने लगेच पुढे केला. टेबल जेमतेम हातभर रुंद. तो झुकला, कड छातीत रुतली, खांदा भरून आला. समोर तिची बोटं ताणून पांढरी पडली होती.

"थोडं आणखी..." ती म्हणाली.

"हो. आलोच."

टेबल तेवढंच होतं. तिचा हात अजून येत होता.