पुलापलीकडचं मी लिहिलं नव्हतं

दातांच्या कवळ्या बनवणारी बाई प्रोग्रॅमिंग कशी शिकली, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

आईसाठी शिकले. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती वॉकरशिवाय चालत नसे. दिवसभर एक ऑनलाइन खेळ खेळायची. त्यात तिचं एक गाव होतं, नदी होती, आणि तिथे ती भरभर चालायची. मग कंपनीने खेळ गुंडाळला. आईच्या संगणकावर तो होता तसाच राहिला, पण कंपनीच्या ज्या सर्व्हरशी तो बोलायचा, तो गेला. आई खिडकीकडे तोंड करून बसू लागली. तिची जेवणावरची वासनाच उडाली.

मी ठरवलं, आपणच नकली सर्व्हर लिहायचा. खेळ जे विचारेल त्याला उत्तर द्यायचं, बस्स. पायथनपासून सुरुवात केली. ती भाषा पटकन आपलीशी झाली. पण जुना खेळ नुसत्या आकड्यांत बोलायचा, त्यासाठी सी शिकावी लागली. तिने नाकी नऊ आणले. गावातली दारं उघडायला, होड्या हलवायला लुआ नावाची तिसरी भाषा. दीड वर्षं, कामावरून आले की रोज दोन तास. शेवटी एका रविवारी दुपारी आईचं पात्र गावाच्या चौकात उभं राहिलं.

"नदी कुठाय?" आई एवढंच म्हणाली.

नदी होती, पूलही होता. पुलापलीकडचं मी अजून लिहिलं नव्हतं, तिथे नुसता काळोख. गावात दुसरं माणूसही नव्हतं. बोलणारी माणसं अजून करायची होती.

पुढच्या रविवारी मी आत भांडी विसळत होते. बाहेर आई हळू आवाजात बोलत होती. मध्येच थांबायची, ऐकल्यासारखी, आणि परत बोलायची.

"कोणाशी बोलतेस गं?"

"हा आहे की. पुलावरचा."

मी हात पुसत आले. पडद्यावर तिच्या पात्राशिवाय कोणी नव्हतं.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, पलीकडे ये. तिथे पाय दुखत नाहीत..."

सर्व्हर माझ्या संगणकावर चालायचा, मी तिथल्या नोंदी उघडल्या. खेळाचा प्रत्येक प्रश्न आणि त्यावरचं सर्व्हरचं उत्तर तिथे उतरायचं. गेल्या तासाभरात उत्तरांमागून उत्तरं गेली होती. त्यांच्याआधी प्रश्न एकही नव्हता.

मी सर्व्हर बंद केला. दोन संगणकांमधली वायर उपटली. आता खेळ थांबायलाच हवा होता. आईचं पात्र पुलावरून चालतच होतं. आईचे हात मात्र मांडीवर होते.

"आई, माझ्याकडे बघ."

"थांब गं... पोचलेच."

पात्राने काळोखात पाऊल टाकलं आणि मी भिंतीवरचं बटण दाबलं. पडदा विझला. खोलीत ओल्या गाळाचा वास होता.

आई उठली. वॉकरला हातही न लावता उठली आणि आत निघून गेली.

डॉक्टर खूश झाले. मामा तर सगळ्यांना फोन करून सांगत सुटला. आता ती स्वयंपाक करते, एकटी बाजारात जाते. माझं काय बिनसलंय, ते कोणाला कळत नाही. पण तीस वर्षं राहिलेल्या घरात ती दिव्याची बटणं भलत्याच भिंतीवर चाचपडते. मला हाक मारण्याआधी जराशी थांबते, नाव आठवत असल्यासारखी.

सर्व्हरची एकूण एक फाइल मी पुसून टाकली. मागच्या आठवड्यात ती बाजारात गेली असताना, मनाची खात्री करायला म्हणून मी तिच्या संगणकावर खेळ उघडला. इंटरनेट बंद होतं. तिचं नाव घातलं, पासवर्ड घातला. 'सर्व्हर सापडत नाही' एवढंच यायला हवं होतं. बराच वेळ काही आलं नाही. मग एक ओळ उमटली...

'या नावाने आत आधीच कोणीतरी आहे.'