‘ऑन्स’ म्हणजे कुणाचं?

"हे माझं!" दोघं एकदमच म्हणाले. डच भाषेच्या वर्गाचा पहिला दिवस होता आणि टेबलावर पुस्तकाची शेवटची प्रत उरली होती. शेवटी दोघांना एकाच बाकावर बसून ते पुस्तक मधोमध ठेवावं लागलं. ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तो चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा. पाचव्या आठवड्यापर्यंत बाक लहान व्हायला लागला होता... असं तिला वाटत होतं. मोजून पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी बाईंनी फळ्यावर लिहिलं: मैन म्हणजे माझं, याउ तुझं, झैन त्याचं, हार तिचं, ऑन्स आमचं. "आता घरचा फोटो दाखवून एकेक वाक्य बोला."

त्याने मोबाइल पुढे धरला. एक हसरी तरुणी, तिच्या कडेवर बाळ, शेजारी हा. "डिट इस ऑन्स किंट," तो ऐटीत म्हणाला. हे आमचं मूल.

"शाब्बास!" बाई म्हणाल्या.

तिने आपली वही फटकन मिटली. पाच आठवडे! आणि हा खुशाल आपल्या वहीत डोकावून हसायचा...

वर्ग सुटताच ती भरभर जिना उतरू लागली. तो मागून धावत आला.

"अहो, थांबा ना! रागावलात?"

"छे. गोड आहे तुमचं बाळ. आईवर गेलंय."

"हो ना, डोळे अगदी वहिनीचे!"

ती पायरीवरच थबकली. "वहिनी?"

"दादाची बायको. फोटो दादानेच काढलाय."

"मग ‘आमचं’ कशाला म्हणालात?"

"आमच्या घरी ते सगळ्यांचंच आहे! दादा घोरत असतो, रडलं की मी उचलतो."

"डच लोकांसमोर असं बोललात तर ते तुमचं वहिनीशीच लग्न लावून मोकळे होतील. झैन किंट म्हणायचं. त्याचं. दादाचं!" बोलता बोलता तिला हसूच आवरेना. हुश्श...

"एवढ्या खूश का झालात?"

"व्याकरण... सुटलं म्हणून."

तो एक पायरी खाली आला. "एक शंका होती. ‘आपलं’ला काय म्हणतात?"

"तेही ऑन्सच. त्यांच्यात फरक नाही."

"पंचाईत आहे मग. ‘आमचं’ म्हटलं की समोरचा बाहेर राहतो, ‘आपलं’ म्हटलं की आत येतो. आणि मला तर तुम्हाला —" तो अडखळला. "आत घ्यायचंय. चालेल?"

तिचे कान तापले. तिने कठडा घट्ट धरला.

"चालेल," ती म्हणाली. "पण आधी ते ‘तुम्ही’ सोड."