जाताना सेहेचाळीस मिनिटं

"तुमच्या गावाहून इथं यायला किती वेळ लागतो हो?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून टकळीनं विचारलं खरं, पण कान लालबुंद झाले! तोंड कधी मिटत नाही म्हणून बाबांनी ठेवलेलं हे नाव... आणि आज एवढं एक वाक्य बोलताना धाप लागली. बाकड्यावरच्या मुलानं पुस्तकातून मान वर केली.

"अडतीस मिनिटं. परत जायला सेहेचाळीस."

"का? संध्याकाळी गाव लांब सरकतं?"

"वारा समोरून येतो." तो हसला. "आजपासून... दुसरंही कारण असेल."

खांबाआड मैत्रिणींची खसखस पिकली.

विमानतळ कसला, एक खोली, एक बाकडं आणि एक वजनकाटा! विमान नऊ जणांचं, त्यामुळे बॅगांबरोबर माणसंही काट्यावर चढायची. बाबा आकडा वाचायचे, शाळा सुटली की टकळी तो वहीत लिहायची, आणि आई कोपऱ्यात चहा विकायची. हा मुलगा दर मंगळवारी आजारी आईला इथल्या इस्पितळात आणायचा. मध्ये डोंगर, बसनं नऊ तास लागत, ते त्या काकूंना झेपत नव्हते. मैत्रिणींनी त्याचं नावच 'मंगळवार' ठेवलं.

"वजन वाढलंय तुझं. खिशात काय भरलंयस?"

"तुझे प्रश्न."

असे मंगळवार फुलपाखरासारखे उडत होते. पण काकूंचा आकडा... सत्तेचाळीस. चव्वेचाळीस. एकेचाळीस.

"बरंच आहे गं," काकू डोळे मिचकावायच्या, "मी हलकी झाले की विमान लवकर पोचेल."

एका मंगळवारी बाबा म्हणाले, "एकोणचाळीस." टकळीच्या हातून बेचाळीस लिहिलं गेलं. बाबांनी पेन घेतलं, आकडा खोडून नीट लिहिला.

"विमानाला खोटं सांगायचं नसतं, बाळा."

त्यानंतर दोन मंगळवार कोरडे गेले. तिसऱ्या मंगळवारी ती शाळेतून धावत आली, तर बाकड्यावर तो एकटाच. मांडीवर इस्पितळातून आणलेले आईचे कागद. तो काट्यावरून उतरल्यावर बाबांनी सवयीनं हात पुढे केला, काकूंना आधार द्यायला... आणि तो हात तसाच राहिला.

"आता इथं यायला कारणच उरलं नाही," तो दाराशी म्हणाला.

मी नाही का कारण? अगदी ओठांवर आलं होतं. पण ते सुजलेले डोळे बघून टकळी जन्मात पहिल्यांदा गप्प बसली.

"तू आवडतेस मला. त्या पहिल्या प्रश्नापासून. आज बोलू नये, कळतंय... पण मग कधी बोलणार?"

बाहेर विमानाचे पंखे घरघरू लागले. वाऱ्यानं त्याच्या हातातला एक कागद उडाला, तिनं झेलून परत दिला. बोटं बोटांना लागली— आणि सुटली.

विमान ठिपका झालं तरी ती भिंतीवरच्या घड्याळासमोर बसून होती. चहा गार झाला. आईनं दोनदा हाक मारली. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला टकळीनं डोळे पुसले, उठली आणि काट्यावर जाऊन उभी राहिली.

"बाबा, आकडा वाचा. आई, तूही ऐक. पुढच्या मंगळवारी शाळा बुडवून मी तिकडे जाणार आहे. त्याला भेटायला. सोबत यायचं तर या, पण मैत्रिणीकडे जाते अशी थाप मी मारणार नाही. विमानाला खोटं सांगायचं नसतं ना? मग तुम्हाला कसं सांगू?"