कळाशीची जळकी लाँच

लाइट गेली आहे ती काही तासाभराच्या आत यायची नाही. कंदील जरा बारीक करा आणि जवळ सरका. संघपाल, तू दाराकडे पाठ करून बसू नकोस. नंतर सारखा मागं वळून बघशील आणि बाकीच्यांनाही बघायला लावशील.

बारामतीत भिगवण रस्त्याला डिझेल इंजिनांचं गॅरेज आहे ना, त्या नईमची ही गोष्ट. भुताचं नाव काढलं की हसणारा माणूस. जगात त्याचा भरवसा दोघांवर, जोतीराम आणि झुंबर. तिघं एकत्र आयटीआय शिकले आणि पुढं काही उन्हाळे भवानीनगरच्या साखर कारखान्यात मळीच्या टाक्या दुरुस्त करायला जायचे. टाकीत उतरलेल्याला बाहेरची हाक ऐकू जात नाही, म्हणून त्यांनी आपसात एक नियम केला होता. झाकण लावण्याआधी बाहेरच्यानं हातोडीचे दोन टोले द्यायचे. आत कुणी असेल तर त्यानं तीन टोल्यांनी जबाब द्यायचा. टाकी रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहिलं असलं तरी टोले द्यायचेच. हाताला इतकी सवय झाली होती की नईम घरी पाण्याच्या टाकीचं झाकण लावतानाही दोनदा ठोकायचा आणि बायको हसायची.

पुढं जोतीरामनं मुंबईच्या कुणा शेटची हौसेची जुनी लाँच घेतली. लोखंडी तळ, वर सागवानी केबिन, पितळी कठडे. कळाशीच्या काठावरून उजनी धरणाच्या पाण्यातून माणसं पलीकडं पोचवायची. इंजिन सांभाळायला पिंपळीचा झुंबर. चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर एका रात्री लाँच जळाली. जोतीराम म्हणाला, डिझेलची नळी फुटली, लाँचवर कुणी नव्हतं, आणि झुंबर तर दोन दिवस आधीच न सांगता सुरतेला निघून गेला.

नईमला आगीपेक्षा हे जास्त लागलं. वीस वर्षांचा दोस्त, आणि जाताना तोंडही दाखवलं नाही! झुंबरची आई साखरबाई बाजारच्या दिवशी गॅरेजवर यायची, पत्र आलं का म्हणून विचारायची. एकदा नईम रागाच्या भरात तिला म्हणाला, "मावशी, आमच्यासाठी मेला तो." म्हातारी पिशवी उचलून गेली.

दीड वर्षानं जोतीरामनं विषय काढला. लाँच पुन्हा उभी करू, गॅरेजची जागा विकून टाक, दोघं भागीत चालवू. नईमच्या मनानं घेतलं. तिघांतला एक गेला, निदान दुसरा तरी धरून ठेवावा असं त्याला वाटलं. पण मिस्त्री तो मिस्त्रीच. म्हणाला, केबिन नवी होईल, इंजिन दुसरं बसेल, पण तळाचा पत्रा गंजानं खाल्लेला असेल तर ती लाँच नाही, भंगार आहे. तो बघायची त्याची रीत ठरलेली होती. गडद अंधारात आत बत्ती टांगायची, झाकण बंद करायचं आणि बाहेरून बघायचं. जिथून उजेड फुटेल तिथं भोक. म्हणून त्यानं अमावास्या निवडली. भुतासाठी नव्हे, भोकांसाठी.

तारीख सतरा मे शहाण्णव, वार शुक्रवार. मगरिबची नमाज पढून नईम स्कूटरवरून निघाला आणि सव्वानऊला कळाशीच्या काठावर पोचला. जोतीराम तिथं भेटणार होता. पण त्यानं निरोप ठेवला होता की काम निघालं, तू बघून घे.

पाणी पार उतरलं होतं. लाँच चिखलात एका कुशीवर कलली होती, वरची केबिन जळून नुसते खांब उरलेले. इंजिनखोलीच्या झाकणाची कडी गंजून घट्ट बसली होती, ती त्यानं ठोकून काढली. आत उतरला. काजळी, जळक्या डिझेलचा वास, बाकी काही नाही. बत्ती पेटवून आकड्याला टांगली, वर आला, झाकण टाकलं. आणि हातानं आपसूक दोन टोले दिले. स्वतःशीच हसला आणि कडी लावली.

खडू घेऊन खाली चिखलात उतरला. काळ्या पत्र्यावर उजेडाचे बारीक ठिपके दिसत होते. एकेकाभोवती तो गोल काढत गेला. सगळी मिळून बारा भोकं, त्यातली पाण्याखाली येतील अशी तीनच. नईमचा जीव सुपाएवढा झाला. लाँच उभी राहणार होती. त्यानं तिथंच ठरवलं, सकाळी जोतीरामला हो म्हणायचं.

तेवढ्यात टोकाचा ठिपका विझला.

किडा आडवा आला असेल, त्याला वाटलं. मग दुसरा विझला, आणि पहिला परत उजळला. मग तिसरा...

आत कुणीतरी चालत होतं.

चौथा. पाचवा. सावकाश. त्याच्याच दिशेनं.

"कोन हाय?"

पाण्यावर आवाज नाही.

त्याच्या तोंडासमोरचा ठिपका विझला. तो मात्र परत उजळला नाही.

नईमचा हात उठला. तो म्हणतो, मी उचलला नाही, उठला. दोन टोले.

...

तीन टोले. आतून. त्याच्या छातीसमोर.

कुणीही पळालं असतं. नईम पळाला नाही. तीन टोले आले की झाकण उघडायचं, एवढंच त्याला आठवलं. तो वर चढला. कडी ओढली. झाकण उलटं टाकलं.

बत्ती शांत जळत होती. आत कुणी नव्हतं.

मगाशी अंधारात न दिसलेलं आता उजेडात दिसलं. झाकणाच्या आतल्या बाजूला पोचे होते. काजळी भरलेले, जुने. तीन. मग तीन. मग पुन्हा तीन. त्यानं बोट लावून मोजले. सत्तावीस.

झुंबर सुरतेला गेलाच नव्हता.

नईम तसाच जोतीरामच्या घरी गेला. जोतीराम ओट्यावर जागाच बसला होता. नईमनं एकच विचारलं. मनात दुवा मागत होता की हा नाही म्हणू दे, चुकून झालं असू दे.

"झाकान लावताना टोलं दिलं हुतंस का?"



"दिलं हुतं."

"मंग?"

जोतीरामनं ओट्यावर बोटानं तीनदा ठोकलं. काडी त्यानंच लावली होती, विम्यासाठी, हे पुढं सगळ्या गावाला कळलं. झुंबर ऐकत नव्हता, म्हणून त्याला आत ठेवून कडी घातली. त्याचं पुढं काय केलं ते आजवर सांगितलेलं नाही. फौजदारांनी नईमचं सगळं लिहून घेतलं, पण टोल्यांवर खटला उभा राहत नाही. आणि ज्या खोलीत एक दोस्त जाळला त्याच खोलीवर दुसऱ्याचं घरदार लावायला निघाला होता तो! नईम म्हणतो, मी दीड वर्ष चुकीच्या माणसावर रुसलो होतो.

दुसऱ्या दिवशी तो पिंपळीला गेला आणि साखरबाईला सगळं सांगितलं. म्हातारी रडली नाही. "मंग तू म्हनला हुतास त्येच खरं निगालं," एवढंच म्हणाली. हे सांगताना नईम अजून रडतो.

लाँच तशीच पाण्यात गेली. झाकण तेवढं नईमनं काढून आणलं. गॅरेजच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवलंय, हात कुणाला लावू देत नाही.

आता परवाचं ऐका. नईम लग्नाला सोलापूरला गेला होता, गॅरेजला बाहेरून कुलूप. रात्री अकराच्या सुमाराला जोतीराम प्यालेला तिथं आला. समोरच्या पानवाल्यानं पाहिलं. बराच वेळ शटरसमोर उभा राहिला. मग मुठीनं शटरवर दोनदा ठोकलं. कान लावला. आणि पायताण तिथंच टाकून पळत सुटला.

नईम आला तेव्हा मी बरोबर होतो. कुलूप त्यानंच उघडलं, झाकण मीच उजेडात धरलं आणि पोचेही मीच मोजले. दोनदा मोजले.

तीस भरले. शेवटच्या तिनांत काजळी नव्हती.