जपून ठेवलेले टॅब

"सात टॅबांत मिळून एक शाळा ठेवली. त्यातला एक टॅब विहिरीत पडला. तर शाळेतलं किती गेलं?"

बापूआजोबांनी हे कोडं घातलं तेव्हा मला वाटलं, यात कोडं कसलं डोंबलाचं! सातवा हिस्सा गेला. तर ते म्हणाले, "काहीच गेलं नाही, रेवे," आणि मिशीत हसले. आता आमच्या घरात कुणी हसत नाही. का ते सांगते, पण पहिल्यापासून सांगते, नाहीतर रागाच्या भरात माझी गल्लत होते.

माझा धाकटा भाऊ ईश्वर कर्णबधिर आहे (म्हणजे त्याला ऐकू येत नाही). आमच्या हातोलावाडीत खुणांच्या भाषेत शिकवणारं कुणी नाही. पण २०५१ साली एका योजनेतून शाळेला सात स्वस्त टॅब मिळाले, सात पोरांकडे एकेक. त्यांत एक बाई सगळे विषय हातांच्या खुणांनी शिकवायच्या. ईश्या त्यांच्याकडे बघून भागाकार शिकला. मला येत नव्हता तेव्हा! हे पाठ यायचे कोठारातून (गावोगावच्या शाळांसाठी पाठ साठवणारे लांबचे मोठे संगणक). दोन वर्षांनी पत्र आलं की योजना संपली, कोठार महिनाअखेर बंद.

बापूआजोबा आमचे शेजारी. जन्मभर संगणकशास्त्रज्ञ होते. त्यांनी कोठार बंद व्हायच्या आत ईश्याचे दहावीपर्यंतचे पाठ उतरवून घेतले. पण टॅब स्वस्तातले, एकेकात जागा एवढीशी. म्हणून त्यांनी पाठांचे सहा तुकडे करून सहा टॅबांत ठेवले. टॅब एका खोलीत आले की आपसांत बोलायचे (याला स्थानिक जाळं म्हणतात, त्याला इंटरनेट लागत नाही) आणि पाठ सलग दिसायचा.

"मग सातवा कशाला?" मी विचारलं.

"संगणकात चित्र असो की आवाज, शेवटी सगळे आकडेच. समज, सहा टॅबांत आहेत ३, ५, २, ४, १ आणि ६. सातव्यात मी फक्त त्यांची बेरीज ठेवली, २१. आता दोन नंबरचा टॅब हरवला. उरलेल्यांची बेरीज कर."

"सोळा. एकविसातून सोळा गेले, पाच. अय्या, परत आला की!"

"याला समता-तुकडा म्हणतात (हरवलेलं शोधून देणारा जादा तुकडा). आपल्यासारख्या इतर गावांनाही मी हीच युक्ती आणि हेच नंबर कळवलेत, म्हणजे दोन नंबरच्या टॅबात सगळीकडे तोच तुकडा."

सगळं छान होतं. मग हेडसर म्हणाले, "कोठार गेलं. आता हे परत मिळायचे नाहीत. पोरं आपटतील, फोडतील. सगळे टॅब जमा करा, जपून ठेवू."

वर्गातला जुबेर म्हणाला, "सर, माझा हरवला." आणखी चौघं तसंच म्हणाली. खोटारडी सगळी! मी मात्र शहाण्यासारखा माझा दोन नंबरचा आणि ईश्याचा पाच नंबरचा नेऊन दिला. सरांनी माझी पाठ थोपटली. दोन्ही टॅब प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले, हळदकुंकू वाहिलं आणि पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

लपवलेले पाच टॅब पोरांनी चोरून एकत्र आणले, पण पाचांवर पाठ चालेना. ईश्या वर्गात नुसता खिडकीकडे बघत बसायचा. मी आणि आजोबांनी किती वेळा किल्ली मागितली! सर म्हणायचे, "तपासणी होऊ दे." सर वाईट नाहीत हो. पण चौदा महिने गेले. शेवटी आमचे वडील, आप्पा, म्हणाले, जूनपर्यंत पाठ सुरू झाले नाहीत, तर ईश्याला लातूरच्या वसतिगृहात ठेवायचं. ईश्यानं दोन्ही हातांनी "नको, नको" केलं आणि आईच्या पदराला धरून बसला.

तेव्हा कुठे कपाट उघडलं. दोन्ही टॅब नवेकोरे. पण बॅटऱ्या फुगलेल्या. आजोबांनी नव्या बसवल्या, टॅब सुरू झाले, आणि आत काही म्हणजे काहीच नीट नव्हतं.

"असं कसं?" सर रडवेले झाले. "मी हातसुद्धा लावू दिला नाही कुणाला!"

"तेच तर," आजोबा हळू आवाजात म्हणाले. "टॅबाच्या स्मृतीत (माहिती साठवायच्या जागेत) बारीक कप्पे असतात. त्यांत विजेचा थेंब थेंब भार साठवलेला असतो. मातीचा माठ झिरपतो तसा तो झिरपतो, उन्हाळ्यात जास्तच. टॅब चालू असला की तो तपासून पुन्हा भरतो. बंद ठेवला की कोण भरणार?"

जुबेरचा काच फुटलेला टॅब ठणठणीत चालत होता, रोज क्रिकेट खेळून खेळून. जुबेर रडायलाच लागला. मला तर स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. मी दिला! माझ्या हातांनी दिला!

"आजोबा, बेरीज आहे ना? काढा ना परत!"

"कर बरं तू."

तीन, दोन, चार, सहा. पंधरा. एकविसातून पंधरा गेले, सहा. पण हे सहा म्हणजे पाच आणि एक? की चार आणि दोन? की तीन आणि तीन? मी पाटीवर लिहीत राहिले, पुसत राहिले. एक गेला तर सापडतो, दोन गेले तर नाही. मला ते पुरतं समजलं, आणि समजून काय उपयोग झाला? सोमवारी ईश्या जीपमध्ये बसला. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

नंतर मी इतर गावांतल्या चाळीस शाळांना पत्रं लिहिली. चौतीस उत्तरं आली. सगळ्यांत तेच: "काळजी नसावी, आमचे टॅब कपाटात जपून ठेवले आहेत." मी उत्तरं वाचली आणि पत्रं फाडून टाकावीशी वाटली. फाडली नाहीत. प्रत्येकाला उलट लिहिलं की कुलूप काढा, आजच चार्जिंगला लावा, पोरांच्या हातात द्या. सहा शाळांचं उत्तर अजून यायचंय.

आणि हे वाचणाऱ्या, तुझ्या शाळेत असं कपाट असेल तर ऊठ आणि किल्ली माग. रागावले तरी माग. दोन नंबरचा मिळू दे नाहीतर पाच नंबरचा, आम्हाला एकच पुरे. दुसरा मी वजाबाकी करून काढीन, आणि ईश्याला घरी आणीन.