दूध केंद्रात भरलेला इंग्रजीचा वर्ग

"दूध आणलंय का नुसत्याच आलाय?"

काउंटरमागून प्रश्न आला. मी छातीशी लॅपटॉप धरून धापा टाकत उभी.

"दूध न्हाई. वर्ग हाय माझा, दोन मिनिटांत. घरची लाइट गेलीय आन् तुमच्याकडं जनरेटर हाय."

"वर्ग? कुठं?"

"हनोईत. व्हिएतनाम."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग लॅपटॉपकडं... आणि टेबलावरच्या किटल्या खाली ठेवल्या. "बसा मग. व्हिएतनाम ताटकळायला नको."

हा पृथ्वीराज. मूळचा शिरूरकडचा. त्याच्या वडिलांनी, हौसराव आबांनी, आमच्या खुटबाव गावात दूध केंद्र टाकलं तेव्हा मी हनोईत इंग्रजी शिकवत होते. आता महिन्याच्या सुट्टीवर आले होते, पण संध्याकाळचा वर्ग ऑनलाइन चालूच होता.

लाइट काही रोज जात नव्हती. मी मात्र रोज जात होते.

तो मशीनवर दुधाचं फॅट मोजता मोजता ऐकायचा. वर्ग संपला की प्रश्न सुरू—

"तिकडं सकाळी खाता काय?"

"सूप. नूडल्स घातलेलं."

"सकाळी सूप? समदी आजारी हायत का काय?"

मी हसले की तो मान खाली घालून उगाच पावत्या लावत बसायचा. मी त्याला माझी चौथ्या मजल्यावरची खोली सांगितली, फुटपाथवर चढणाऱ्या स्कूटर सांगितल्या, पहिल्या वर्षी बाथरूमात नळ सोडून रडायचे तेही सांगितलं. "पण तिथं कुणी आडनाव विचारून जात हुंगत न्हाई," मी म्हणाले. तो उठून जनरेटर बघायला गेला.

कारण आम्ही धनगर. आज्यानं मेंढरं विकून ऊस लावला, तरी गावाच्या तोंडी आम्ही 'मेंढरावालं'च. आणि आबा मराठा, चार गावच्या सोसायटीत त्यांचा शब्द. मतं मागायला आमच्या ओसरीवर बसतील; सोयरीक? नाव काढू नका.

शेवटच्या आठवड्यात वर्गात वाद रंगला— लग्न आईबापांनी ठरवावं का? पोरं हमरीतुमरीवर आली. तेवढ्यात लिन्ह नावाची पोरगी म्हणाली, "टीचर, मागं उभे आहेत त्या सरांना विचारा ना."

पृथ्वीराजनं हात पुसले. माझ्याशेजारी बसला. खांद्याला खांदा लागला... दोघांनीही सरकवला नाही. मोडक्या इंग्रजीत, पण एकेक शब्द टाकून तो म्हणाला, "आईबापांनी सल्ला द्यावा. जात बघणं हा मूर्खपणा आहे. मला एक मुलगी आवडते. लग्न करीन तर तिच्याशीच."

आणि माझ्याकडं बघितलं.

हनोईत टाळ्या. माझे कान तापलेले. मी वर्ग संपवला, लॅपटॉप मिटला आणि भडकले.

"इंग्रजीत धाडस सोपं असतं, पृथ्वीराज! ऐकणारी चौदा पोरं, तीबी समुद्रापल्याड. हेच मराठीत म्हणून दाखव. तुझ्या आबांपुढं."

"रविवारी तुमचं विमान हाय..."

"म्हणूनच. फोनवर झुरत बसायची हौस न्हाई मला."

दुसऱ्या दिवशी गेले तर आबा खुर्चीत बसलेले, दुधाची रांग लागलेली. मला बघून पृथ्वीराजनं मशीन सोडलं.

"आबा, ही प्रतिभा. आण्णांची पोरगी. धनगराची हाय. मला हिच्याशी लगीन करायचंय... तिला पसंत असंल तर."

 रांगेत पुढं उभ्या वच्छलाबाईंनी किटलीचं झाकण घट्ट धरलं.

"चार बुकं शिकला म्हणून आवाज चढलाय व्हय?" आबा म्हणाले.

"न्हाई आबा. घाबरलोय म्हणून."

आबा माझ्याकडं वळले. "आन् तू गं? तुझं काय म्हणणं?"

ह्या गावात माझं म्हणणं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"मला पसंत हाय, आबा. पण नोकरी सोडणार न्हाई."

"मला पटलेलं न्हाई. सांगून ठेवतो." टोपी घालून ते उठले, दारापर्यंत गेले, थांबले. "सकाळी आण्णा घरी असत्यात का?"

"नऊपर्यंत असत्यात."

ते गेले. वच्छलाबाई खेकसल्या, "आरं नवरदेवा, माझं दूध नासंल की!"

पृथ्वीराजनं किटली घेतली.  मी त्याचा मोकळा हात धरला— सगळ्या रांगेदेखत.