पिवळ्या दाराची सुनावणी

माझ्या दाराशी एक अनोळखी माणूस गुडघे टेकून बसला होता आणि बारीक पात्याने दार खरवडत होता. बाहेर पावसाची भुरभुर, त्याच्या केसांत लाकडाचा भुसा.

"चोर दार उघडतात, खरवडत नाहीत," मी म्हणाले.

"चोर असतो तर इतक्या पिवळ्या दाराकडे फिरकलो नसतो." तो वर बघून हसला... आणि माझा राग निम्मा झाला, खरं सांगते.

तो नेल्स हॉल्वरसन. जुन्या खिडक्या दुरुस्त करणारा सुतार, आणि वारसा समितीच्या पाच जणांतला एक. आमच्या वॉरेंडेलमध्ये दीडशे वर्षांच्या घराला रंग द्यायचा तर आधी समितीला विचारावं लागतं. मी नवी भाडेकरू, मला कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही म्हणा. हिवाळाभर ते करडं दार बघून जीव विटला, आणि एका रविवारी मी ते मक्यासारखं पिवळं करून टाकलं.

मालकीण ओपलबाई खाली राहतात. त्या रागावल्या की केक घेऊन वर येतात. तशा आल्या, आणि समितीने दार नापास केलं तर महिनाअखेरीस दुसरी जागा बघ, असं अगदी मऊ आवाजात सांगून गेल्या. नदीकडच्या खिडकीत बसून शाळेच्या वह्या तपासायची मला सवय लागली होती. ते घर मला सोडायचं नव्हतं.

नेल्स रोजच येऊ लागला. रंगाचे थर बघायचेत, म्हणायचा. काय सापडलं ते मात्र सांगेना. सुनावणीआधी सांगणं नियमात बसत नाही म्हणे. एका दारावर इतके थर असतात तरी किती, मी विचारलं.

"थर मंगळवारीच संपले," तो पात्याकडे बघत म्हणाला. "मी... कॉफीसाठी येतो."

"माझी कॉफी तर पांचट असते."

"वाईट नाही," तो म्हणाला. आमच्याकडे याहून मोठं कौतुक कोणी करत नाही.

गुरुवारी सुनावणी झाली. दोघं माझ्या बाजूने, दोघं विरुद्ध, हे गावभर ठाऊक होतं. नेल्सचं मत मी धरूनच चालले होते — आणि तोच उभा राहिला.

"मला मत देता येणार नाही. घराशी संबंध असेल त्याने बाजूला बसावं, असा नियम आहे."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "तुझा कसला संबंध?"

"घराशी नाही. भाडेकरूशी... म्हणजे, अजून नाही. व्हावा असं फार वाटतंय."

माझे कान तापले. मत गेलं, घर गेलं, आणि मला मात्र हसू आवरेना. नेल्सने खिशातून रंगाची एक खपली काढून टेबलावर ठेवली आणि मागच्या बाकावर जाऊन बसला. खपली भिंगाखाली हातोहात फिरली. वर माझा पिवळा, मग करडा, हिरवा, पांढरा... आणि सगळ्यात खाली, लाकडाला चिकटलेला पहिला रंग पिवळाच. माझ्याहून भडक.

दाराचा मूळ रंगच तो, वारसा समिती नाही कशी म्हणणार? चारही हात वर गेले. ओपलबाईंनी सोडलेला सुस्कारा मला तीन बाकांवरून ऐकू आला. माझ्याही छातीवरचं ओझं उतरलं.

कामकाजाची नोंद लिहिणाऱ्या व्हर्नाबाईंचं पेन तेवढं अडलं होतं. "नेल्सने मत दिलं नाही, कारण संबंध..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "थिया, आहे लिहू की नाही?"

मी मागे वळून बघितलं. तो टोपी चुरगाळत बसला होता.

"आहे, लिहा," मी म्हणाले.